आगकाडीचे ऋण

घरातील ज्या वस्तूंवाचून चालत नाही, त्यांचा इतिहास बहुधा कोणाला विचारावासा वाटत नाही. काडेपेटी ही अशीच एक वस्तू. स्वयंपाकघरात गॅसचा लायटर आला, खेड्यापाड्यांत वीज पोहोचली. तरी देवघरातील निरांजन, तुळशीपुढची पणती आणि वीज गेल्यावर अंधारात चाचपडत शोधली जाणारी मेणबत्ती आजही काडीनेच पेटते. घासताच काडी पेटावी यात कोणाला नवल वाटत नाही. वस्तुतः मानवाने अग्नी आपल्या ताब्यात आणला त्याला लक्षावधी वर्षे लोटली. परंतु खिशात बाळगता येईल आणि इच्छा होताच प्रकट होईल असा अग्नी त्याला लाभून जेमतेम दोनशे वर्षे होत आहेत. तो मिळवून देणारा गृहस्थ कोणी मोठा शास्त्रज्ञ नव्हता. उत्तर इंग्लंडातील टीज नदीच्या काठी स्टॉक्टन नावाचे गाव आहे. तेथे औषधांचे दुकान चालविणाऱ्या जॉन वॉकर याच्या हातून १८२७ साली ही काडी प्रथम विक्रीस आली.

वॉकरने आपल्या शोधाचे पेटंट घेतले नाही. निःस्पृहतेचे उदाहरण म्हणून ही गोष्ट नेहमी सांगितली जाते आणि ते यथायोग्यच आहे. तथापि त्याच्या काडीचा पुढील ऐंशी-पंचाऐंशी वर्षांचा प्रवास पाहिला, म्हणजे या चरित्रातून आणखी एक, काहीसा कठोर धडा निघतो. ज्ञान मुक्तहस्ते देऊन टाकणे ही एका माणसाची थोरवी असू शकते. त्या ज्ञानाच्या वापरात कोणाचा बळी जाणार नाही हे पाहणे मात्र समाजाचे काम असते. आणि ते काम चांगुलपणावर सोडून भागत नाही, त्याला कायद्याचा आधार लागतो.

शस्त्रक्रियेकडे पाठ

जॉन वॉकरचा जन्म २९ मे १७८१ रोजी स्टॉक्टन येथेच झाला. शिक्षण आटोपल्यावर गावातील प्रमुख शल्यवैद्य वॉट्सन ऑल्कॉक याच्या हाताखाली तो उमेदवारी करू लागला. वैद्यकाची गोडी त्याला होती, बुद्धीही होती. परंतु शस्त्रक्रिया त्याला सोसत नसे. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती. रोग्याला चार माणसांनी धरून ठेवायचे आणि वैद्याने शक्य तितक्या झटपट सुरी चालवायची, असा तो काळ होता. हे दृश्य रोज पाहणे ज्याला अशक्य वाटावे अशा मनाचा वॉकर होता. शल्यवैद्याचा प्रतिष्ठेचा व्यवसाय त्याने सोडून दिला आणि तो रसायनांकडे वळला. काही काळ औषधांच्या व्यापारात अनुभव घेऊन तो गावी परतला आणि हाय स्ट्रीट या मुख्य रस्त्यावर त्याने स्वतःचे दुकान थाटले. औषधी चूर्णे, मलमे, गुराढोरांची औषधे यांबरोबरच ज्वालाग्राही मिश्रणांचे प्रयोग करण्याचा छंद त्याला होता.

या प्रयोगांचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळी विस्तव पेटविणे किती कष्टाचे होते ते ध्यानात घ्यावयास हवे. आपल्याकडे जशी चकमक झाडून ठिणगी कापसावर झेलीत, तशीच रीत युरोपातही होती. पोलाद आणि गारगोटी यांच्या घर्षणाने उडालेली ठिणगी जळक्या चिंध्यांवर पाडायची, फुंकून फुंकून ती फुलवायची आणि मग गंधक लावलेली ढलपी तिला टेकवायची. हवा दमट असली की या खटाटोपात बराच वेळ जाई. म्हणून चुलीतला निखारा राखेत जपून ठेवणे किंवा शेजारून विस्तव मागून आणणे, हे इकडच्याप्रमाणे तिकडच्याही गृहिणीचे नित्यकर्म होते.

रसायनशास्त्र या प्रश्नाभोवती बराच काळ घुटमळत होते. हँबुर्गच्या हेनिग ब्रांट याला १६६९ मध्ये फॉस्फरस सापडला होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या बर्तोले याने पोटॅशियम क्लोरेट तयार केले. हे क्लोरेट तापले की त्यातील ऑक्सिजन मोकळा होतो आणि जवळच्या जळाऊ पदार्थाला जोराने पेटवितो. १८०५ मध्ये पॅरिसच्या शान्सेल याने क्लोरेट व साखर यांचा लेप लावलेल्या काड्या केल्या. परंतु त्या पेटविण्यासाठी तीव्र गंधकाम्लात बुडवाव्या लागत. आम्लाची कुपी खिशात घेऊन हिंडणे हा विस्तवाशीच खेळ होता. क्लोरेटला चेतविण्यासाठी आम्ल नको, केवळ घासण्याची ऊब पुरेल, ही गोष्ट व्यवहारात आणणारा कोणी तरी हवा होता.

फरशीवर उमटलेली ज्वाला

तो वॉकर निघाला. हा शोध योगायोगाने लागला असे सांगतात. ज्या काडीने तो मिश्रण ढवळीत होता तिच्या टोकावर लेप वाळून बसला होता. तो खरवडून काढावा म्हणून त्याने काडी चुलीपुढील दगडावर घासली आणि तिने पेट घेतला. योगायोग अनेकांच्या वाट्याला येतात. त्यातून आपल्या हाती काय आले हे ओळखणे मात्र तयार मनालाच साधते, आणि अनेक वर्षांच्या प्रयोगांनी वॉकरचे मन तयार झालेले होते.

त्याच्या लेपात मुख्यतः तीन पदार्थ होते. ऑक्सिजन पुरविणारे पोटॅशियम क्लोरेट. सुरमा या नावाने ज्याची जुनी ओळख आहे ते अँटिमनी सल्फाइड, म्हणजे जळण. आणि दोहोंना काडीच्या टोकावर धरून ठेवणारा डिंक. काडीला आधी गंधकाचा हात दिलेला असे. त्यामुळे टोकावरची क्षणिक ज्वाला लाकडापर्यंत पोहोचे. विकत घेणाऱ्याला काड्यांबरोबर काचकागदाचा एक दुमडलेला तुकडा मिळे. काडीचे टोक त्या घडीत दाबून धरायचे आणि झटक्यासरशी बाहेर ओढायचे. कागदाच्या खरखरीत कणांशी झालेल्या घर्षणाने टोकाचा एखादा बिंदू तापला की तेथील क्लोरेट ऑक्सिजन सोडी, सल्फाइड जळू लागे आणि त्या उष्णतेने शेजारचा लेप पेटत जाई. घर्षण, ऑक्सिजन आणि इंधन यांचा मेळ घालणारी ही युक्ती आजच्या काडीतही मुळात तीच आहे.

वॉकरच्या दुकानाच्या वहीत या काड्यांच्या विक्रीची पहिली नोंद ७ एप्रिल १८२७ या तारखेची आहे. गिऱ्हाईक होते गावातील हिक्सन नावाचे वकील. काड्यांची किंमत एक शिलिंग आणि त्या ठेवण्याच्या पत्र्याच्या डबीचे दोन पेन्स. मजुराला एक शिलिंग मिळविण्यासाठी बराच घाम गाळावा लागे, हे लक्षात घेता ही वस्तू आरंभी सुखवस्तू लोकांचीच होती. तिच्यात दोषही होते. ओढताना बराच जोर लागे, ठिणग्या उडत, प्रसंगी जळते टोकच तुटून गालिच्यावर पडे आणि गंधकाच्या धुराने नाक झोंबे. परंतु एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. ही काडी बनविणाऱ्याच्या आरोग्याला तिने अपाय केल्याची नोंद नाही. कारण तिच्यात फॉस्फरस नव्हता.

पेटंट नाकारणारा दुकानदार

याच स्टॉक्टन गावाचे नाव दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या कारणाने जगभर झाले होते. स्टॉक्टन ते डार्लिंग्टन हा वाफेच्या इंजिनाचा सार्वजनिक लोहमार्ग सप्टेंबर १८२५ मध्ये खुला झाला होता. नव्या युगात शोधाचे सोने कसे होते हे वॉकरच्या डोळ्यांसमोर होते. पेटंट घेण्याचा सल्ला त्याला मिळाला. असा सल्ला देणाऱ्यांत मायकेल फॅरडेचेही नाव सांगितले जाते. वॉकरने तो मानला नाही. दुकानावर त्याचे बरे चालले होते, आणि लोकोपयोगी वस्तू लोकांच्या हाती मोकळी राहावी अशी त्याची वृत्ती होती.

ती मोकळी राहिली याचा अर्थ ती दुसऱ्यांनी उचलली. लंडनच्या सॅम्युअल जोन्स याने थोड्याच अवधीत हुबेहूब तशाच काड्या ल्युसिफर या नावाने बाजारात आणल्या. माल खपला, नाव जोन्सच्या काडीचे झाले. वॉकरने तक्रार केली नाही. काही वर्षांतच त्याने काड्या करणे सोडून दिले आणि तो आपल्या औषधांच्या बाटल्यांकडे वळला. काडीचा मूळ जनक कोण यावर पुढे वाद झाले, तेव्हाही त्याने आपली वही पुढे केली नाही. १ मे १८५९ रोजी, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, तो निवर्तला. गावाशेजारच्या नॉर्टन येथील चर्चच्या आवारात त्याचे दफन झाले. शोधाचे श्रेय निर्विवादपणे त्याच्या पदरी पडले ते त्याच्या मृत्यूनंतर.

एवढ्यावर ही कथा संपती तर शालेय पाठ्यपुस्तकातील एका सुबोध धड्यापलीकडे तिला महत्त्व उरले नसते. परंतु वॉकर हयात असतानाच त्याच्या काडीने वेगळे वळण घेतले होते.

स्वस्ताईची किंमत

१८३१ मध्ये फ्रान्सच्या शार्ल सोरिया या तरुण विद्यार्थ्याने अँटिमनी सल्फाइडऐवजी पांढरा फॉस्फरस वापरला. काडीचे सारे दोष जणू एका फटक्यात दूर झाले. पांढरा फॉस्फरस तिसेक अंश सेल्सिअसच्या पुढे हवेत आपोआप पेट घेतो. त्यामुळे काडी हलक्या हाताने भिंतीवर, बुटाच्या तळव्यावर, कोठेही ओढली तरी पेटू लागली. दुर्गंधी कमी झाली, किंमत उतरली आणि कारखाने भराभर उभे राहिले. गरिबाच्या झोपडीतही आगकाडी पोहोचली. ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर ही प्रगतीच होती.

कारखान्याच्या आतले चित्र निराळे होते. फॉस्फरसची वाफ दिवसाचे दहा-बारा तास श्वासावाटे घेणाऱ्या, त्याच जागी बसून भाकरतुकडा खाणाऱ्या कामगारांचे दात प्रथम दुखू लागत. मग गाल सुजे, हिरड्यांतून पू वाही आणि जबड्याचे हाड जिवंतपणी सडत जाई. दुर्गंधीमुळे घरची माणसेही जवळ बसू शकत नसत. व्हिएन्नाच्या लोरिन्झर या वैद्याने १८४५ च्या सुमारास या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. उपाय एकच होता, शस्त्रक्रियेने जबडा कापून काढणे. दैवाची विटंबना अशी की, ज्याला दुसऱ्याच्या देहावर चालणारी सुरी पाहवत नव्हती, त्याच्या काडीच्या वंशजांनी हजारो कामकरी स्त्री-पुरुषांना आणि मुलांना या यातनांच्या वाटेवर लोटले. यात वॉकरचा तिळमात्र दोष नाही. त्याच्या लेपात ते विष नव्हतेच. पण शोध एकदा जगाच्या हाती गेला, की त्याचे पुढे काय होते हे शोधकाच्या सज्जनपणावर ठरत नाही, एवढे यातून दिसून येते.

अधिक क्लेशकारक गोष्ट ही की, पर्याय माहीत नव्हता असे नाही. व्हिएन्नाच्याच श्रोएटर याने १८४० च्या दशकात तांबडा फॉस्फरस पांढऱ्यापासून तयार करून दाखविला. मूलद्रव्य तेच, परंतु अणूंची रचना निराळी. त्यामुळे हा प्रकार पांढऱ्यासारखा विषारी नाही आणि सुमारे अडीचशे अंशांपर्यंत तापविल्याखेरीज आपोआप पेटत नाही. स्वीडनच्या पाश याने १८४४ मध्ये दोन द्रव्ये वेगळी ठेवण्याची कल्पना मांडली, आणि यंशपिंग येथील लुंडस्ट्रम बंधूंनी १८५५ च्या सुमारास ती कारखान्यात यशस्वी केली. काडीच्या टोकावर क्लोरेट आणि पेटीच्या कडेवर तांबडा फॉस्फरस व काचेची पूड, अशी ही विभागणी. घासताना कडेवरचा फॉस्फरस कणभर सुटतो, घर्षणाच्या उष्णतेने तो क्लोरेटशी भिडून पेटतो आणि मग टोक जळू लागते. काडी दुसरीकडे घासली तर सहसा पेटत नाही, म्हणून तिला सुरक्षित काडी असे नाव पडले. हीच दोन द्रव्ये एकत्र कालवली, तर धक्क्यासरशी त्यांचा स्फोट होतो. दिवाळीत मुले पिस्तुलात ज्या टिकल्या फोडतात, त्यांचा आवाज याच जोडीच्या कणभर मिश्रणाचा असतो. हौसेखातर घरी असली मिश्रणे करू पाहणारे हात-डोळे गमावतात ते यामुळेच. काडेपेटीतील शहाणपण या दोहोंमध्ये ठेवलेल्या अंतरात आहे.

वॉकरच्या मृत्यूपूर्वीच ही सुरक्षित काडी बाजारात आली होती. लंडनच्या ब्रायंट अँड मे या कंपनीने तिचे ब्रिटनमधील हक्कही विकत घेतले होते. तरीही त्याच कंपनीच्या कारखान्यात पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या पुढे चार दशकांहून अधिक काळ होत राहिल्या; कारण त्या स्वस्त पडत आणि गिऱ्हाईक त्याच मागे. १८८८ च्या जुलैमध्ये तेथील सुमारे चौदाशे कामगारांनी, बहुतांशी मुली व स्त्रियांनी, संप केला. तुटपुंजी मजुरी, किरकोळ कारणांसाठी होणारे दंड आणि कामाच्या विषारी जागेतच जेवण्याची सक्ती या त्यांच्या तक्रारी होत्या. त्यांची बाजू वृत्तपत्रातून प्रथम मांडली ती ॲनी बेझंटबाईंनी. पुढे हिंदुस्थान ही कर्मभूमी मानून १९१६ मध्ये टिळकांप्रमाणेच होमरूलची चळवळ उभारणाऱ्या आणि १९१७ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या याच त्या बेझंटबाई. संप यशस्वी झाला, कामगारांची संघटना उभी राहिली. परंतु फॉस्फरस गेला नाही. रोगाच्या घटना सरकारला न कळविल्याबद्दल १८९८ मध्ये या कंपनीला न्यायालयात दंड झाला. दंडाची रक्कम पंचवीस पौंडांच्या आसपास होती. माणसाच्या जबड्याची किंमत कायदा तेव्हा कितीशी समजत होता, हे त्या आकड्यावरून कळते.

कायद्याने जे साधले

अखेर १९०६ मध्ये बर्न येथील आंतरराष्ट्रीय करारान्वये पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी घालण्याचे अनेक राष्ट्रांनी मान्य केले. ब्रिटनने १९०८ मध्ये आणि हिंदुस्थान सरकारने १९१३ मध्ये तसे कायदे केले. १९२० च्या दशकात स्वीडिश भांडवलाच्या विम्को कंपनीने ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथे आगकाड्यांचा मोठा कारखाना काढला, तेव्हा हा कायदा अमलात होता. लंडनच्या पूर्व भागातील मुलींच्या वाट्याला जे आले ते अंबरनाथच्या कामगाराच्या वाट्याला येण्याची वाट त्यामुळे आधीच बंद झाली होती. कायदा वेळेवर झाला तर काय साधते, याचा हा जवळचा दाखला.

वॉकरने पेटंट घेतले असते तर हे अरिष्ट टळले असते काय, असा प्रश्न कोणी विचारील. तसे मानण्यास आधार नाही. सोरियाची काडी घटकद्रव्यांच्या दृष्टीने वेगळी होती आणि पेटंटची मुदतही मर्यादितच असते. मालकी हक्कानेही आपोआप लोककल्याण होत नाही, हे अमेरिकेत दिसले. १८९८ मध्ये फ्रान्सच्या सेव्हेन व काहेन यांनी फॉस्फरसचे एक निर्धोक संयुग वापरून कोठेही पेटणारी काडी बनविली. अमेरिकेतील तिचे पेटंट डायमंड मॅच कंपनीकडे होते. इतर कारखानदारांना ते संयुग मोकळेपणी वापरता येईना आणि पांढऱ्या फॉस्फरसचे काम चालूच राहिले. १९११ मध्ये लोकमताच्या दडपणाखाली कंपनीने आपला हक्क सोडला. पुढच्याच वर्षी जबर कर बसवून तेथील काँग्रेसने विषारी काडी बाजारातून घालविली. म्हणजे शोध मोकळा ठेवूनही कामगार मेला आणि शोध कुलपात ठेवूनही तो मेलाच. त्याला वाचविले ते रसायनशास्त्राने दिलेल्या पर्यायाने आणि तो सक्तीचा करणाऱ्या कायद्याने. या दोहोंमध्ये जी पन्नास वर्षे वाया गेली ती अज्ञानाची नव्हती. ती बेपर्वाईची होती.

ही बेपर्वाई केवळ गतकाळाची म्हणून सोडून देता येत नाही. तमिळनाडूतील शिवकाशीच्या आगकाड्या व फटाके यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या बालकांचा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि १९९६ मध्ये त्यावर न्यायालयाला विस्तृत निर्णय द्यावा लागला. बालकांच्या संरक्षणाचे कायदे त्याआधीही पुस्तकात होते. वस्तू स्वस्त का आहे, हा प्रश्न विकत घेणाऱ्याने विचारला नाही, तर तो विचारण्याचे काम न्यायालयांवर येऊन पडते.

स्टॉक्टनकरांनी आपल्या या नागरिकाची आठवण म्हणून काडीच्या दीडशेव्या वर्षी, १९७७ मध्ये, त्याचा अर्धपुतळा उभारला. पुढे असे लक्षात आले की, ज्या चित्रावरून तो घडविला ते चित्र त्याच नावाच्या दुसऱ्याच एका गृहस्थाचे होते. हयातीत नाव दुसऱ्याचे झाले, मरणोत्तर चेहराही दुसऱ्याचाच लागला. वॉकरला स्वतःला याचे फारसे वाईट वाटले नसते. त्याने जे दिले त्याची परतफेड पुतळ्याने होणारी नव्हती. ज्या हातांनी काडी बनते ते हात आणि ज्या हातांत ती पेटते ते हात, दोन्ही सुरक्षित राहतील अशी व्यवस्था राखणे, हीच त्या ऋणाची फेड होय. आणि ती एकदा करून संपत नाही, प्रत्येक पिढीला नव्याने करावी लागते.